वाऱ्याला भिंत सांगणाऱ्या वन्सं

भिंतीची एवढी काळजी वाहणारी बाई उभ्या महाराष्ट्रात दुसरी सापडायची नाही, अगदी गवंड्यांच्या घरात शोधलं तरी नाही, असं माझ्या नणंदेबद्दल माझं मत आहे आणि ते मी आता या वयात बदलणार नाही. इतर बायका नव्या घरी गेल्या की ओटा बघतात, देव कुठं मांडलेत ते बघतात, पाणी किती वाजता येतं ते विचारतात. आमच्या वन्सं दारातून आत शिरल्या की आधी भिंतीला तळहात लावतात, मग मान वर करून पंख्याची पाती न्याहाळतात आणि चहा टाकायला निघालेल्या घरधनिणीला थांबवून विचारतात, "दुपारचा वारा या खिडकीतनं आत येतो, तो जातो कुठनं?" त्या बाईनं आयुष्यात वाऱ्याला कधी जाताना पाहिलेलं नसतं. ती गोंधळून नवऱ्याकडं बघते, नवरा छताकडं बघतो आणि चहा राहून जातो. वन्संबरोबर कुणाकडं जायचं असलं तर मी घरून चहा पिऊनच निघते.

वन्सं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तरी मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अगं-तुगं. नवी नवरी असताना ही रीत मला फार खुपायची, कारण तेव्हा माझी समजूत अशी होती की साताऱ्याच्या पेठेत वाढलेल्या, अकरावीला सायन्स घेतलेल्या आणि गॉगल लावून सिनेमाला जाणाऱ्या मुलीला सगळं जग अहो-जाहो करतं. त्या अकरावीत मी नापास झाले होते, पण ते मी सासरी सांगितलं नव्हतं. सायन्स 'घेतलं होतं' एवढंच सांगायची. वन्सं सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तीसेक वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आणि आता पलूसजवळच्या मळ्यात राहून संगणकात वारा वाहवतात. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलं आहे, कारण त्यांचं काम खरोखर तेवढंच आहे, आणि तेवढ्या कामापायी गेल्या फेब्रुवारीत आमच्या रूपालीची, म्हणजे वन्संच्या सुनेची, बेदाण्याची शेड राहते का जाते अशी वेळ आली होती. ते सांगायलाच मी बसले आहे. पण आधी बाई नीट कळली पाहिजे.

आमचं लग्न झालं तेव्हा वन्सं शिकायला आमच्याकडं साताऱ्यात राहायच्या. दोन खोल्यांच्या जागेत एक पंखा होता आणि तो मी माहेराहून आणलेला, त्यामुळं त्याच्याकडं बोट दाखवल्याशिवाय माझा एक दिवस जायचा नाही. दिवाळीच्या आधी मी पदर खोचून, स्टुलावर चढून, त्या पंख्याची पाती साबणाच्या फडक्यानं लख्ख पुसली आणि कौतुकाची वाट बघत खाली उतरले. वन्सं कॉलेजातून आल्या, वर बघितलं, आणि दप्तर हातातच धरून उभ्या राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "वैनी, सहा महिन्यांची धूळ होती ती." मी म्हटलं, "तेच तर." तर म्हणे ती धूळ त्यांनी राखून ठेवली होती. दर रविवारी ती किती वाढली, पात्याच्या कुठल्या कडेला जाड आणि कुठल्या कडेला विरळ, याचं चित्र त्या वहीत काढायच्या. चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी करंजीत सारण भरता भरता त्यांनी मला समजावलं की एवढ्या झपाट्यानं फिरणाऱ्या पात्यावरून धूळ उडून कशी जात नाही, हा साधा प्रश्न नाही. पात्याला अगदी खेटून जी हवा असते ती पात्याबरोबरच फिरते, पात्याला सोडून इकडं-तिकडं सरकत नाही. पात्याच्या अंगाशी वाराच नाही, मग धूळ उडवणार कोण? मी मान डोलावून म्हणाले, "आम्हाला अकरावीला होतं हे." हा माझा स्वभाव. माहीत नसलेली गोष्ट आपल्याला आधीच माहीत होती असं म्हणण्यात माझी अर्धी जवानी गेली.

वन्संच्या लग्नाची खटपट मीच केली, आणि ती खटपट मोडली त्यांनीच. पहिला मुलगा पुण्यात नोकरीला होता. मी स्वतः विणलेला टेबलक्लॉथ वन्संनी विणला म्हणून त्याच्यासमोर मांडला होता, आणि वन्संनी तो उलगडून बघत "छान विणलाय कुणीतरी" असं म्हणून माझी वाट लावली. मग त्यांनी मुलाला पंख्याच्या धुळीचा प्रश्न विचारला. मुलानं विजेबद्दल इंग्रजीत बराच वेळ भाषण केलं. वन्संनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर दादांना, म्हणजे आमच्या यांना, नको म्हणून सांगितलं. दुसरे आले ते पलूसचे द्राक्षबागायतदार. पांढरा सदरा, हातात टोपी, आणि तोंडातून शब्द निघेना. त्यांनाही तोच प्रश्न. ते बराच वेळ वर बघत बसले आणि म्हणाले, "न्हाई म्हाईत. पर आमच्या मोटरच्या पंख्यालाबी तशीच बसती. लयदा बघितलंय म्या. इचारावं म्हनलं तर इचारायला कुनी भेटलं न्हाई." वन्सं आतल्या खोलीत आल्या आणि मला म्हणाल्या, "वैनी, पोह्यात लिंबू पिळ जरा." त्याआधी त्यांनी पोह्यांकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं, त्यावरून मी ओळखलं. ते आमचे दाजी. गेली चाळीसच्या वर वर्षं ते त्या प्रश्नाचं उत्तर ऐकताहेत.

आता त्यांच्या कामाचं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते, चुकलं तर ते माझं. संगणकात वारा वाहवायचा म्हणजे आधी सगळ्या जागेचे बारीक चौकोन पाडायचे, गोधडीच्या ठिगळांसारखे, आणि प्रत्येक ठिगळात वारा किती, कुठल्या दिशेनं, हे यंत्रानं मोजत जायचं. यंत्र बिचारं हिशेबाला पक्कं आणि अकलेला कच्चं. भिंत कुठं आहे ते त्याला दिसत नाही. ते सांगावं लागतं. आणि नुसतं 'इथं भिंत आहे' म्हणून भागत नाही, भिंतीशी वाऱ्यानं वागायचं कसं, तेही सांगावं लागतं. भिंतीला टेकलास की थांब, हा एक प्रकार. पंख्याच्या धुळीचा तोच. भिंतीवरून घसरत जा, थांबू नको, हा दुसरा. हा आभाळासाठी, कारण संगणकातलं आभाळ कुठंतरी संपवावं लागतं, आणि जिथं संपवलं तिथं खरं काहीच नसतं, तेव्हा वाऱ्याला बिनधोक घसरू द्यायचं. तिसरा प्रकार वन्सं नाइलाजानं वापरतात. भिंतीलगतचा मंद वाऱ्याचा थर इतका पातळ असतो की तो मोजायचा तर ठिगळं सुईच्या टोकाएवढी करावी लागतात आणि यंत्र महिना महिना घोरत बसतं. म्हणून तिथं एक तयार ठोकताळा लावून पुढं जायचं. ज्या दिवशी वन्सं तो ठोकताळा लावतात, त्या दिवशी घरचा मसाला कुटायचा सोडून विकतचा पुडा फोडलेल्या सुगरणीसारखं त्यांचं तोंड होतं.

चौथा प्रकार माझ्या आवडीचा. कधी कधी भिंत तिरकी असते आणि ठिगळं सरळ, मग भिंत एखाद्या ठिगळाच्या मधूनच जाते. तेव्हा भिंतीच्या पलीकडं, जिथं वारा असायचा प्रश्नच नाही, तिथं एक भुताचं ठिगळ बसवतात. अलीकडं वारा जेवढा पुढं, तेवढाच या भुताला मागं ढकलायचा, म्हणजे दोघांच्या मध्ये, नेमका भिंतीवर, वारा शून्य. हे ऐकल्याबरोबर मी म्हणाले, "वन्सं, हे मला कळलं. मी आणि सासूबाई." कारण नवी असताना मी जेवढी पदर उडवत उंबऱ्याकडं धावायची, तेवढंच सासूबाई आतून "कुठं निघालीस गं" म्हणून मागं ओढायच्या आणि उंबऱ्यावर मी दगडासारखी उभी. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "बरोबर हाय. फक्त आई भूत नव्हती." मग थोड्या वेळानं, "तुला भूतच वाटायची म्हणा."

त्यांच्या घरी 'गणित चाललंय' हे 'कुकर लावलाय' म्हणतात तसं म्हणतात. गणित चाललेलं असताना मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, कारण मळ्यातली वीज नाजूक. मग दाजी मुकाट्यानं पाट्यावर चटणी वाटतात. खिडकीला ओलं फडकं टांगून तिथं घरातला पंखा ठेवलेला असतो आणि त्याचं गार वारं संगणकावर सोडलेलं असतं, आणि दाजींना मार्चच्या उन्हात पंखा मिळत नाही. "आवं वैनी," ते मला म्हणाले, "आमच्या घरात वाऱ्याचा लय अभ्यास हाय, म्हून वारा न्हाई." एकदा शेडमध्ये वारा कसा फिरतो ते बघायला वन्सं उदबत्त्यांचा जुडगा पेटवून रॅकांच्या मधून हळूहळू चालत होत्या. जिथं धूर वळेल तिथं थांबायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा चालायच्या. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायकांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात एक नारळ, हळदकुंकू आणि पाच केळी. वन्संनी केळी खाल्ली, आणि नारळाच्या अलीकडं-पलीकडं धूर कसा फुटतो ते बघून घेतलं.

ही शेड रूपालीची. वन्संचा मुलगा फौजेत, वर्षातून दोनदा घरी येतो. रूपाली शिरवळच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीला होती. ते सोडून ती मळ्यात आली आणि स्वतः उभी राहून तिनं शेड बांधून घेतली. लोखंडी खांब, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी, आत एकावर एक अशा जाळीच्या थरांच्या रॅका. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून त्या थरांवर पसरायची आणि पंधरा दिवस वाऱ्यावर सोडून द्यायची. ऊन लागलं तर रंग जातो, वारा लागला नाही तर दमट राहून काळी पडतात. सगळा खेळ वाऱ्याचा. आणि तीन मोसम झाले, रूपालीच्या शेडचा पश्चिमेचा कोपरा काळा पडत होता. बाकी सगळा माल हिरवा-पिवळा, चकचकीत, आणि त्या कोपऱ्यातल्या चार रॅका कुणी शाप दिल्यासारख्या. रूपालीनं यंदा जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आई, यंदाबी कोपरा काळा पडला तर शेड कोंबडीवाल्याला भाड्यानं देणार. मी शिरवळला बोललीय. ते म्हणत्यात मार्च सरायच्या आत कळवा." दाजींनी भाकरी मोडायची थांबवली.  वन्संना ती पोर जायला नको होती, पण 'जाऊ नको' म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. ज्या कोपऱ्यापायी ती चालली होती तो कोपरा तीन वर्षं त्यांच्या संगणकात ठणठणीत होता.

हेच तर दुखणं होतं. संगणकातल्या शेडमध्ये वारा पश्चिमेनं यायचा, कोपऱ्यातून सळसळत जायचा, पडद्यावर सगळीकडं छान पिवळा रंग. वारा कमी असला की तिथं निळा डाग दिसतो म्हणे. निळा डाग कुठंच नाही. आणि शंभर पावलांवर खऱ्या शेडमध्ये द्राक्षं काळी. वन्संनी पत्र्याजवळचा ठोकताळा बदलला. खांबांच्या गोलाईपाशी नवी भुतं बसवली. ठिगळं निम्मी केली, तेव्हा गणित नऊ दिवस चाललं आणि दाजींच्या हाताला चटणी वाटून फोड आला. उत्तर तेच. "तुमच्या त्या डब्यातला बेदाना तरी बाजारात न्या," दाजी म्हणाले. "लय भारी सुकलाय."

मी साताऱ्याहून एसटीनं उतरले ती ऐन द्राक्षतोडणीत. जेवण होईपर्यंत दुपार झाली, मग रूपाली मला शेड दाखवायला घेऊन गेली. पश्चिमेच्या अंगाला मळ्याचा कच्चा रस्ता जातो, त्याची धूळ मालावर येऊ नये म्हणून त्या बाजूच्या जाळीला आतून जुन्या साड्या ताणून बांधायची पद्धत आहे. आमच्याकडं शेताच्या कडेला रानडुकरांसाठी बांधतात तशाच. मी बघितलं आणि जागच्या जागी थांबले.

"ती माझी मोरपंखी आहे," मी म्हणाले.

"व्हय मामी, तुमीच पाठवलेली," रूपाली म्हणाली. "लय टिकली बघा. सुती दोन वर्सांत फाटती, ही हाय तशीच हाय."

"मी ती तुझ्या सासूला नेसायला पाठवली होती."

"ती नेसून बसली असती, तर धूळ कोन अडवनार वैनी?" दाजी रॅकेच्या मागून म्हणाले.

एक नव्हे, सात होत्या. मी वर्षानुवर्षं गाठोडी बांधून पाठवलेल्या सगळ्या नायलॉनच्या साड्या तिथं ओळीनं उभ्या. त्यातली मोरपंखी तर अशी, की ती नेसून मी पेठेतून चालले तर शिंप्याचं यंत्र थांबायचं, असं मला तेव्हा वाटायचं. शिंप्यानं त्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. मला राग आला आणि राग आला की मी खरं बोलते. वन्सं चहाची बशी घेऊन तिथंच आल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हणाले, "नेसल्या नाहीत तेच बरं केलंत वन्सं. अहो, मे महिन्यात एका लग्नाला मी ती नेसून मांडवात उभी राहिले. वाऱ्यानं पदर हलतोय हे मला दिसत होतं, पण अंगाला झुळूक म्हणून लागत नव्हती. वारा आत शिरतच नाही त्यातनं. घामानं निथळले, पण तोंडावर हसू ठेवलं, कारण जाऊबाईंनी साडी कितीला पडली म्हणून विचारलं होतं."

वन्संनी चहाची बशी खाली ठेवली. "वैनी, परत सांग."

"काय परत सांगू, घाम आला ते?"

"वारा शिरत न्हाई म्हणालीस."

त्या जाळीपाशी गेल्या, मोरपंखीचा काठ दोन्ही हातांत धरला, तोंडाला लावला आणि जोरात फुंकर घातली. पलीकडून आपला तळहात धरला. पुन्हा फुंकली. मग त्या तशाच उभ्या राहिल्या आणि फार हळू म्हणाल्या, "मी वाऱ्याला सांगत होते की हितं जाळी हाय, मोकळं हाय, ये खुशाल. आणि हितं भिंत उभी होती. तीन वर्षं मी हिच्याजवळनं रोज येती-जाती." मला त्यांचं तेव्हाचं तोंड अजून दिसतं. साडी त्यांना दिसत नव्हती असं नाही. पण साडी म्हणजे साडी. शेडच्या नकाशात वेल्डिंगवाल्यानं खांब दाखवले होते, पत्रा दाखवला होता, जाळी दाखवली होती. साडी कोण दाखवणार? आयुष्यभर भिंतींची चौकशी करणाऱ्या बाईला, स्वतःच्या वहिनीच्या साडीची भिंत झालीय, हे कळायला वहिनीचा घाम लागला.

त्यानंतरची दुपार मी विसरणार नाही. वन्संकडं वारा मोजायची हातातली एक फिरकी आहे. बाहेरच्या खोलीत उभा पंखा लावला, मला समोर उभं केलं आणि माझ्या दोन्ही हातांत साड्या ताणून धरायला लावल्या, एकेक करून. पंख्याचा वारा साडीच्या अलीकडं किती, पलीकडं किती, हे रूपाली वहीत लिहीत होती. मोरपंखी: जवळजवळ काहीच नाही. गुलाबी जॉर्जेट: थोडा. मग घरातली सुती पातळं निघाली, मग गोधडीसाठी ठेवलेलं सासूबाईंचं विरलेलं लुगडं निघालं, आणि त्यातून निम्म्याहून जास्त वारा सरळ पार गेला. "आयच्यान, ह्यातनं हवा लय सुटती की," दाजी म्हणाले. मला एवढंच कळलं की माझ्या उभ्या आयुष्याची आवड वाऱ्याच्या हिशेबात तळाला आली होती आणि सासूबाई पहिल्या आल्या होत्या. हात दुखायला लागले तशी मी म्हणाले, "वन्सं, ही भिंत का मोकळी जागा, एकदा ठरवा." त्या फिरकीवरची नजर न काढता म्हणाल्या, "दोन्ही न्हाई. काहीतरी आत जातं, काहीतरी अडतं. किती अडतं तेच सांगायचं ऱ्हायलं होतं."

ते त्यांनी यंत्राला सांगितलं. पश्चिमेच्या जाळीवर आता ना मोकळीक, ना भिंत. प्रत्येक साडीचा जेवढा अडसर, तेवढा लिहिला. गणित दुसऱ्या दिवशी दुपारी चारला संपलं. आम्ही चौघं पडद्यापुढं. वन्संचे डोळे मोतीबिंदूनं अधू, म्हणून रंग रूपालीनं वाचायचे. तिनं वाकून बघितलं आणि बोट ठेवलं.

"काय दिसतंय?" वन्संनी विचारलं.

"निळं हाय आई. कोपऱ्यात. चार रॅका. ही चौथी, हितंच निम्मी काळी पडती बघा, निम्मी न्हाई. अगदी तसंच निळं हाय."

वन्सं खुर्चीत मागं टेकल्या आणि हसायला लागल्या. चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या. कोपरा बिघडलेला बघून इतकी सुखावलेली बाई मी दुसरी बघितली नाही. दाजी म्हणाले, "रोग सापडल्यावं पेढं वाटायचं असत्यात व्हय?" पण तेही हसत होते.

रोग सापडला तरी औषध उरलंच होतं. साड्या काढून टाकाव्यात तर रस्त्याची धूळ सगळ्या मालावर. वन्सं म्हणाल्या सगळीकडं सुती लावू. यंत्राला विचारलं, तर निळा डाग फिका झाला, पण धुळीचं काय ते यंत्राला सांगता येईना. तेव्हा रूपाली म्हणाली, "आई, दर वर्षी मोसम सरला की साड्या मीच धुती. खालच्या दोन हातांला तांबडी माती असती, वर साडी सोच्छ. धूळ वर जातच न्हाई. मग वर नायलॉन कशाला?" वन्संनी तिच्याकडं बघितलं. मला ती नजर ओळखीची होती. पांढऱ्या सदऱ्यातल्या, हातात टोपी धरलेल्या एका माणसाकडं त्यांनी तसंच बघितलं होतं. खाली नायलॉन, वर विरलेली सुती, आणि पहिली रॅक जाळीपासून दोन हात आत, कारण भिंतीच्या अंगाशी वारा मेलेलाच असतो, असं ठरलं. यंत्रालाही पटलं. संध्याकाळच्या आत रूपालीनं आणि दाजींनी साड्या बदलल्या आणि रॅक आत ओढली. सासूबाईंचं लुगडं वरच्या बाजूला मी माझ्या हातानं बांधलं. जिवंतपणी त्यांच्या लुगड्याला हात लावायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोडलेली द्राक्षं रॅकांवर पसरली, आणि पुढचे पंधरा दिवस मी साताऱ्याला फोनवर सांगत राहिले की उद्या निघते. निघाले नाही. मधे दोन दिवस ढग आले, शेजारच्या मळ्यात पळापळ झाली. रूपाली दिवसातून चार वेळा कोपऱ्यात जाऊन दाणे दाबून बघायची आणि आमच्यापैकी कुणाला काही सांगायची नाही. आम्हीही विचारायचो नाही. वन्सं तेवढे दिवस संगणकापाशी बसल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसायच्या, तेही नीट दिसत नसताना.

माल उतरवला त्या सकाळी रूपालीनं कोपऱ्यातल्या चौथ्या रॅकेवरचे मूठभर दाणे आणून वन्संच्या हातावर ठेवले. वन्संनी ते डोळ्यांजवळ नेले, मग माझ्याकडं सरकवले. "रंग सांग वैनी. खरा सांग." हिरवट पिवळे होते. चार-दोन दाणे कडेचे तांबूस. मी तसंच सांगितलं. रूपाली शेडच्या दारात गेली आणि फोन लावून म्हणाली, "न्हाई सर, न्हाई जमनार. हितं काम हाय मला." बस, एवढंच बोलली. दाजी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

"तू घाई केलीस," वन्सं रूपालीला म्हणाल्या.

मला वाटलं आता ही बाई सोन्यासारख्या दिवसाची माती करणार, आणि त्यांनी ती केलीच. "यंदा ढग नुसतं आलं आणि गेलं. पाऊस पडला न्हाई. कोपरा त्यानंबी वाचला असंल. साड्यांनी वाचला असं म्हणायला अजून एक मोसम पाहिजे. पुढच्या साली कोपऱ्यातली एक रॅक जुन्या पद्धतीनं ठेवायची, तुलनेला."

"म्हंजे एक रॅक मुद्दाम काळी करायची?"

"मुद्दाम न्हाई. बघायला."

रूपालीनं माझ्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाली, "एकच. आई, आत्ताच सांगते, दुसरी मागायची न्हाई." पुढच्या सालाचं बोलणं दोघींनी इतकं सहज केलं की त्यात काय ठरून गेलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. माझ्या आलं.

मला सोडायला वन्सं स्टँडवर आल्या. गाडीवरची पाटी त्यांना दिसत नव्हती, म्हणून मीच दर गाडीची वाचून दाखवत होते, आणि प्रत्येक गाडी साताऱ्याची नाही असं कळल्यावर त्यांना बरं वाटत होतं असं मला वाटलं. का मलाच वाटत होतं, देव जाणे. शेवटी आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली आणि म्हणाल्या, "पुढच्या फेब्रुवारीला पंधरा दिवस आधी ये वैनी. रोज नोंदी घ्यायला माणूस लागंल. रूपालीचा हात रिकामा नसतोय, आणि मला आकडं दिसत न्हाईत."

आमच्या वयाची माणसं पुढच्या वर्षाचं नाव हळू आवाजात घेतात, पुढं 'जगलो-वाचलो तर' असं जोडून. वन्संनी ते असं घेतलं, की जणू येत्या गुरुवारच्या बाजाराबद्दलच बोलताहेत. गाडी सुरू झाली होती. मी खिडकीतून म्हणाले, येईन. 'जगलो-वाचलो तर' हे शब्द माझ्याही जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि वही कसली आणू, रेघांची का चौकोनांची, तेवढं ओरडून विचारलं.